चित्राचा तास कुणी पळवला?

वाचकहो, या पानावर मी एरवी बीजप्रक्रिया, फवारणीचे प्रमाण आणि ठिबकचे अनुदान यांविषयी लिहितो. आज मात्र प्राथमिक शाळेतल्या चित्राच्या तासाविषयी लिहिणार आहे. 'कृषीवाल्याला शाळेच्या भानगडीत पडायचे काय कारण?' असे काही जण म्हणतील. कारण आहे. ते आधी सांगतो, मग मुद्द्याकडे वळू.

भोकरदन तालुक्यातल्या एका गावात कपाशीची शेतीशाळा चालू होती. ज्यांनी शेतीशाळा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यात भाषण नसते, निदान नसावे. शेतकऱ्यांचे चार-पाच जणांचे गट करायचे. प्रत्येक गटाने प्लॉटमध्ये शिरून काही झाडे निवडायची, पानाची वरची-खालची बाजू, पाते, फुले, बोंडे बघायची, किडी मोजायच्या. मग सावलीत बसून मोठ्या कागदावर त्याचे चित्र काढायचे. मधोमध कपाशीचे झाड, एका बाजूला शत्रूकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकिडी, वर ऊन की ढग, खाली जमिनीत ओल किती. चित्र पुरे झाले की ठरवायचे, फवारायचे की थांबायचे. १९८९ च्या सुमारास इंडोनेशियात भाताच्या किडींसाठी ही पद्धत सुरू झाली आणि पुढे आपल्याकडे आली.

आता गंमत बघा. मोजणीपर्यंत सगळे हुशारीने काम करतात. कागद आणि तेलखडू पुढे केले की मात्र माणसे मागे सरकतात. पन्नाशीचा, पंचवीस वर्षे कपाशी पिकवलेला माणूस खडू असा धरतो की जणू विंचूच हातात दिला. "सायेब, लिहायचं काय आसंल ते लिहितो. चित्र आमच्या बापजाद्यालाबी आलं न्हाई." खडू या हातातून त्या हातात फिरतो आणि शेवटी गटातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराकडे जातो. पोरगाही बघून काढत नाही, मनाने काढतो. कपाशीच्या झाडाला आंब्यासारखी पाने!

त्या दिवशी रविवार होता. एक शेतकरी आपल्या तिसरीतल्या मुलीला घेऊन आला होता. खडू फिरत फिरत तिच्यापुढे आला. तिने कुणाला विचारले नाही. उठली, प्लॉटमध्ये गेली, एक पान तोडून आणले आणि त्याच्या खालच्या बाजूला जे होते ते कागदावर मोठे करून काढले. काळपट अंग, त्यावर नारिंगी ठिपके, सहा पाय, शेपटीकडे निमुळती. "मगरीसारखी हाय," ती म्हणाली. बाप वाकून बघत म्हणाला, "हीच ती. हिच्यासाठीच तर मागच्या आठवड्यात औषध मारलं."

ती ढालकिड्याची अळी होती. मावा खाऊन जगणारी, शेतकऱ्याची फुकटची मजूर. तो माणूस पैसे खर्चून, पाठीवर पंप घेऊन, आपल्याच मजुराला मारत होता. त्याने ती अळी शंभर वेळा पाहिली असेल, पण निरखून बघायची वेळ त्याच्यावर कुणी आणली नव्हती. आमच्या खात्याच्या पत्रकावर तिचा फोटो छापलेला असतो, तोही त्याने पाहिला असेल. ओळख पटली ती पोरीच्या चित्रावरून.

मी मुलीला विचारले, "शाळेत शिकवतात का गं चित्र?" ती म्हणाली, "तास हाय वेळापत्रकात. पण सर म्हणतात, आधी वाचन येऊ द्या सगळ्यांना, मग देऊ."

हा 'मग' कधी येतो, याचा शोध घ्यावा म्हणून हा लेख.

चित्र म्हणजे आधी बघणे

चित्रकला म्हणजे शहरातल्या मुलांचा रविवारचा छंद, असे आपण समजून चाललो आहोत. खरे तर चित्र काढताना हातापेक्षा डोळ्याला जास्त काम असते. वस्तू नुसती पाहिली तर डोळा 'अळी' म्हणून पुढे जातो. काढायला बसले की प्रश्न पडू लागतात. पाय किती? ठिपके कुठे? डोके केवढे?

२०१८ साली अमेरिकन लष्करी अळी देशात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही मक्यावर दिसली. भोकरदन-जाफराबादच्या मकेवाल्यांना ती वेगळी सांगायला नको. तिची खूण काय? डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' आणि शेपटीकडच्या आठव्या खंडावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. मी ही खूण सभांमधून तोंडाने सांगितली, माना डोलल्या, पण दुसऱ्या दिवशी फोनवर भलत्याच अळ्यांचे फोटो आले. ज्या ठिकाणी मी लोकांना काडीने मातीवर ती अळी काढायला लावली, तिथे चूक कमी झाली. मी काही याचे प्रयोग केलेले नाहीत, अनुभव सांगतो. गुलाबी बोंडअळीची डोमकळी, म्हणजे पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेले फूल, तीही तशीच. २०१७ च्या हंगामात कपाशीवाल्यांनी जो फटका खाल्ला तो आठवा. निरखून बघणारा डोळा त्या साली जितका लवकर सावध झाला असता तितके बरे झाले असते.

दुसरा अनुभव नकाशाचा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला आपण पोकरा म्हणतो, तो २०१८ पासून आपल्या जिल्ह्यात आला. त्यात गावाचे नियोजन करताना पारावर किंवा शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा असतो. ओढा, नाला, विहिरी, बांध, गायरान, वस्त्या. मी पाहिले आहे की पुरुष मंडळी हातवारे करून सांगतात, "इकडं नाला, तिकडं शिव." रांगोळीची चिमूट मात्र बायांच्या हातात. एखादी आजी उठते, वाकते आणि एका दमात ओढ्याचे वळण बरोबर काढते. का? कारण तिचा हात रोज सकाळी अंगणात चालतो. तिला कुणी चित्रकलेचे प्रमाणपत्र दिलेले नाही, पण जागेचा अंदाज, अंतर, प्रमाण सगळे बोटात आहे. तिच्या नातवंडांच्या बोटांत ते उतरते आहे का, हा प्रश्न आहे. दारापुढे आता छापील स्टिकरची रांगोळी आली आहे, बरं का!

तास गेला कुठे?

कागदावर कलेचा विषय कधीच बंद झालेला नाही. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण हे त्रिकूट आपल्या प्राथमिक अभ्यासक्रमात आहे. बालभारतीचे 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तक त्यासाठीच आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये कलाशिक्षण शाळेत सर्वांना हवे असे म्हटले गेले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने कला ही इतर विषयांत मिसळून शिकवा असे सांगितले. २०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने तर कलाशिक्षणाला सगळ्या टप्प्यांवर स्वतंत्र विषयाची जागा दिली. आपल्या राज्यात नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले. त्या वेळी सगळी चर्चा पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर झाली, शासनाने २९ जून २०२५ रोजी ते निर्णय मागेही घेतले. भाषेचा वाद महत्त्वाचाच होता. पण त्या गदारोळात नव्या अभ्यासक्रमात कलेला काय मिळणार आणि ते शिकवणार कोण, हे कुणी विचारल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

शिकवणार कोण, हीच खरी मेख आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अमलात आला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे, पण तो सहावी ते आठवीच्या वर्गांना, तेही पट शंभराच्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला कलेचा वेगळा माणूस कायद्यातच नाही. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, बस्स. आता आपल्या जिल्ह्यातली वाडी-वस्तीची शाळा डोळ्यांपुढे आणा. दोन गुरुजी, चार-पाच इयत्ता. त्यातला एक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेला एकटा पहिलीपासून शेवटच्या वर्गापर्यंत पळतो. त्याच्यावर ऑनलाइन माहितीचा भार, पोषण आहाराचा हिशेब वेगळा. २०२१ पासून 'निपुण'चे उद्दिष्ट आले, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत गणित करता आले पाहिजे. उद्दिष्ट योग्यच आहे, पण तपासणीला येणारा माणूस वाचन तपासतो, चित्र तपासत नाही. जे तपासले जात नाही ते होत नाही, हा सरकारी कामाचा नियम मी माझ्या खात्यातही रोज बघतो.

म्हणून गुरुजींना दोष देऊन भागणार नाही. तास कुणी चोरला म्हणावे तर तो वेळापत्रकात जिवंत आहे. प्रगतिपत्रकावरही आहे. 'चित्रात सुबक रंग भरतो', 'कलाकृतीची आवड आहे' अशा नोंदी वर्षाअखेर सगळ्या मुलांच्या नावापुढे येतात. ज्या मुलाने वर्षभर रंगखडू हातात धरला नाही त्याच्याही नावापुढे. पेरा नोंदवहीत आणि रान मोकळे, अशातला हा प्रकार.

भिंती बोलक्या, मुले मुकी

काही जण म्हणतील, 'आमची शाळा बघा, भिंतीभिंतीवर चित्रे आहेत.' खरे आहे. बोलक्या भिंतींचा उपक्रम चांगल्या हेतूने सुरू झाला. २०२४ च्या सुरुवातीला 'माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान झाले, तेव्हा तर गावोगावी रंगाचे डबे फुटले. लोकवर्गणी झाली, शाळा झकास दिसू लागल्या. पण ती चित्रे काढली कुणी? तालुक्याहून आलेल्या पेंटरने. मुलांना सूचना काय? 'भिंतीला हात लावू नका.'

म्हणजे पैसा रंगावर खर्च झाला, पण रंग मुलाच्या हाताला लागला नाही. भिंतीवर वाघ, जिराफ, आगगाडीचा डबा, आणि हल्ली हमखास वारली. वारली चित्राविषयी मला आदर आहे. पालघर-ठाण्याकडच्या वारली बाया लग्नघरात गेरू-शेणाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नचौक काढतात, त्याला विधीचे स्थान आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला जगापुढे नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण ते वारल्यांच्या घरातले, त्यांच्या भात-डोंगरातले चित्र आहे. ते आपल्या भिंतीवर छाप्यासारखे उमटवले म्हणून आपल्या मुलांना कला आली असे होत नाही. म्हसे यांनी आपल्या गावाकडे पाहून काढले, आपण त्यांच्या चित्राकडे पाहून काढतो. फरक इथे आहे.

आपल्याकडे काय कमी आहे? पोळ्याला गाळाच्या मातीचे बैल, दिवाळीत शेणाच्या गवळणी, नागपंचमीचे गेरूचे नाग, महालक्ष्म्यांपुढची आरास, आजीची वाकळ. वाकळीचे ठिगळ कुठले कुठे लावायचे, कडेला कोणता रंग, टाका किती अंतरावर, यात जेवढी कलाकुसर आहे तेवढी मोठ्या विद्यालयात शिकवतात. आणि फार मागे जायचे तर आपल्या भोकरदनचेच घ्या. प्राचीन भोगवर्धन ते हेच. १९७० च्या दशकातल्या उत्खननात इथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला. तिचे साम्य इटलीतल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी आहे, असे अभ्यासक सांगतात. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे एकोणीसशे वर्षांपूर्वी या मातीतल्या कारागिराच्या हाताला समुद्रापार ओळखतील अशी सफाई होती. आज त्याच तालुक्यात पोरांच्या हातात द्यायला रंगखडू नाही म्हणून आपण रडतो.

डोंगर, झोपडी आणि नारळ

आता शिकवण्याच्या रीतीकडे वळू. कारण तास मिळाला आणि रीत चुकली तर तोही वायाच.

माझ्या लहानपणीची गोष्ट. आमच्या शाळेत चित्राचा तास होत असे. गुरुजी फळ्यावर काढत: दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. आम्ही ते पाटीवर उतरवायचो. मराठवाड्यातली आम्ही पोरे, डोंगरावर नारळ कुणी पाहिला होता? एकदा मी नारळाच्या जागी आमच्या बांधावरची बाभूळ काढली, काट्यांसकट. गुरुजी रागावले नाहीत, पण पुसायला लावली. "फळ्यावर आहे तसं काढ." तेव्हापासून मीही फळ्यावर आहे तसेच काढू लागलो आणि पुढे काढणेच सुटले. कृषी पदविकेला किडींच्या आकृत्या काढायची वेळ आली तेव्हा मी त्या दुसऱ्याच्या वहीवरून उतरवल्या. आज शेतीशाळेत शेतकरी खडू मागे सारतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही, कारण मी त्याच जातीचा आहे.

गंमत अशी की तीच नदी, तीच झोपडी आणि तोच नारळ आजही मुलांच्या वहीत आहे. पिढी बदलली, नारळ हलला नाही!

मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्यांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे की मूल मोठ्या माणसासारखे काढत नाही आणि तशी अपेक्षाही करू नये. व्हिक्टर लोवेनफेल्ड या अभ्यासकाने १९४७ च्या आपल्या ग्रंथात वयाप्रमाणे पायऱ्या मांडल्या. दोन ते चार वर्षांचे मूल रेघोट्या मारते. चार ते सातचे मूल गोल डोके आणि त्यालाच पाय काढते. सात ते नऊचे मूल खाली एक जमिनीची रेघ मारून सगळे तिच्यावर उभे करते. नवाच्या पुढे त्याला वाटू लागते की खऱ्यासारखे दिसले पाहिजे, आणि इथेच 'मला येत नाही' म्हणून बरीच मुले खडू खाली ठेवतात. वर्षे थोडीफार मागेपुढे होतात, पण क्रम असा.

वाचकहो, हे पिकाच्या अवस्थांसारखेच नाही का? पाते लागायच्या आधी बोंड मागून चालत नाही. पहिलीतल्या पोराने घरापेक्षा आई मोठी काढली तर ती चूक नाही, त्याच्या हिशेबाने आई घरापेक्षा मोठीच असते. दुसरीतल्या पोरीने विहिरीच्या आतले पाणी आणि मासे बाहेरून दाखवले, तर तिला जे माहीत आहे ते तिने काढले. त्यावर लाल शाईने काट मारणे म्हणजे उगवणाऱ्या कोंबावर पाय देणे. आणि नवव्या-दहाव्या वर्षी, तिसरी-चौथीत, जेव्हा मूल अडते तेव्हा त्याला फळ्यावरचा नारळ देऊ नये. खरी वस्तू पुढे ठेवावी आणि 'नीट बघ' म्हणावे. त्या तिसरीतल्या मुलीने कुणी न सांगता तेच केले.

हाताचे काम आणि डोक्याचे काम

आमच्या पिढीला डिझाइन म्हटले की साडीची नक्षी आठवते. पण डिझाइन म्हणजे घडण. गरज काय, माप काय, सामान काय, हे पाहून वस्तू घडवायची, वापरून बघायची, चुकली तर सुधारायची. आपल्या शेतात त्याची उदाहरणे उभी आहेत. तिफणीला तीन फण का? दोन फणांतले अंतर बदलले तर काय बदलते? पेरणीच्या ओळीतले अंतर आणि कोळप्याची पास जुळली नाही तर तणाऐवजी पीकच कापले जाते, हे सुताराला माहीत होते. चाड्यातून बी तिन्ही नळ्यांत सारखे पडावे म्हणून त्याने किती विचार केला असेल! आता बहुतेक गावांत ट्रॅक्टरची पेरणी आहे, तिफण अडगळीत पडली आहे. ती एकदा शाळेच्या पटांगणात आणा. चौथीच्या मुलांना हाताने, वितीने मापू द्या, चित्र काढू द्या आणि पुठ्ठ्याची, काड्यांची छोटी तिफण करू द्या. भूमिती, शेती आणि कला यांचा एकच तास होईल.

ही कल्पना काही नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम पुढे आली. हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवायचे. सेवाग्रामला १९४४ पासून देवीप्रसाद हे शांतिनिकेतनात शिकलेले कलाशिक्षक मुलांबरोबर काम करत होते. कला हाच शिक्षणाचा पाया आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला. मग बिघडले कुठे? पुष्कळ शाळांत उद्योगाचा तास म्हणजे टकळीवर मुकाट्याने सूत काढणे एवढाच उरला. जुन्या वाचकांना आठवत असेल. हात चालला, डोके झोपले. आणि कलेच्या तासात फळ्यावरचे उतरवणे राहिले. तिथेही तेच. नव्या धोरणाचे तसे होऊ नये, एवढीच भीती.

'पण पोराला वाचता येत नाही त्याचे काय?'

हा आक्षेप मला एका पालकाने तोंडावर विचारला, आणि तो रास्त आहे. पाचवीतल्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नसेल तर चित्र घेऊन काय करायचे? पोटाला नाही भाकर आणि नाकाला नथ!

माझे उत्तर असे. वाचन सोडा, असे कुणीच म्हणत नाही. पण ज्या पोराला अक्षर येत नाही त्याला अक्षराचाच तास चौपट केल्याने ते येते का? पहिलीतले मूल जेव्हा गोल, आडवी, उभी, तिरपी रेघ मारते तेव्हा त्याचा हात अक्षराचीच मशागत करत असतो. ते चित्र काढते, मग सांगते, "ही आमची गाय, ही व्यायली." गुरुजी तेच वाक्य चित्राखाली लिहितात. स्वतःच्या गाईचे वाक्य मूल जितक्या हौसेने वाचते तितके पुस्तकातले वाचत नाही. म्हणजे चित्र हा वाचनाचा वैरी नाही, त्याचा नांगर आहे. नांगरट वाचवून पेरणी केली तर उगवण किती होते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि ज्यांना परीक्षेचीच भाषा कळते त्यांच्यासाठी आणखी एक. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न असतात, त्यांतले ४० मानसिक क्षमता चाचणीचे, १०० पैकी ५० गुणांचे. ते प्रश्न काय असतात? वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा सांगा, अर्धी आकृती पुरी करा, घडी घातलेला कागद कापून उघडल्यावर कसा दिसेल. ज्या मुलीने ठिपक्यांची रांगोळी काढली, कागदाची घडी घालून नक्षी कापली, तिला हे प्रश्न परके वाटतील की ओळखीचे, तुम्हीच सांगा. आपण यासाठी क्लासची फी भरतो आणि शाळेतला फुकटचा तास सोडून देतो.

अर्थात मी चित्राची वकिली नवोदयसाठी करत नाही. ती जागा सगळ्यांना मिळणार नाही. बघायची सवय मात्र सगळ्यांना लागू शकते, आणि शेतात राहणाऱ्याला तिची गरज जास्त आहे.

काय करता येईल?

शासनाने प्रत्येक केंद्राला निदान एक कलाशिक्षक द्यावा, तो आठवड्यातून एकेका शाळेत जावा, ही मागणी लावून धरली पाहिजे. पण तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. हा कायदा आहे, कृपा नव्हे. पुढच्या बैठकीत एवढे विषय मांडा:

१) आठवड्यातला एक कलेचा तास ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी होईल. वाचन मागे आहे म्हणून तो कापला जाणार नाही.

२) सामानासाठी अडू नका. गेरू, चुना, कोळसा, हळद, नीळ, पाझर तलावातला गाळ, कडुनिंबाच्या टोक चावून मऊ केलेल्या काड्या, जुनी वर्तमानपत्रे, पुठ्ठे. काळी माती नुसती वापरली तर सुकल्यावर भेगाळते, तिच्यात बारीक राख किंवा शेण मळून घ्या. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेच्या रंगकामाला तरतूद करता, तशी कागद-रंगांसाठीही करा. रक्कम त्यामानाने किरकोळ असते.

३) फळ्यावर चित्र काढून ते उतरवायला लावणे बंद. वस्तू पुढे ठेवा: कणीस, बोंड, पिसू, गोगलगाय, कुलूप, चप्पल. आधी पाच मिनिटे नुसते बघणे, मग काढणे.

४) पहिली-दुसरीला चित्राला गुण नकोत, 'चूक' हा शब्द नको. 'यात काय चाललंय?' एवढेच विचारा आणि ऐका.

५) एक भिंत मुलांची. खालचा तीन फुटांचा पट्टा गेरूने सारवा आणि दर महिन्याला मुलांनीच खडू-चुन्याने भरावा. पुसावा, पुन्हा भरावा. सगळ्यांची चित्रे लागावीत, दोन हुशारांची नव्हे.

६) गावातला सुतार, कुंभार, गोधडी शिवणारी आजी, रांगोळीवाली ताई यांना महिन्यातून एकदा शाळेत बोलवा. त्यांना मान द्या, खुर्ची द्या आणि जमल्यास दिवसाची मजुरी द्या. फुकटात बोलावले की दुसऱ्यांदा कुणी येत नाही.

आणि गुरुजी, तुम्हाला एक विनंती. 'मला स्वतःला चित्र येत नाही' ही अडचण वाटून घेऊ नका. तुम्हाला काढून दाखवायचे नाही, बघायला लावायचे आहे. मलाही येत नाही, तरी मी शेतीशाळा घेतोच की!

मी माझ्या बाजूने एक करतो आहे. माझ्या सजातल्या शाळांमध्ये खरिपात महिन्यातून एकदा मुलांना जवळच्या शेतात नेऊन मित्रकिडी-शत्रूकिडींची चित्रे काढून घ्यायची, असे दोन शाळांच्या गुरुजींशी बोलून ठरवले आहे. ती चित्रे शेतीशाळेच्या दिवशी बांधावर टांगायची. बापांनी पोरांच्या चित्रांवरून किडी ओळखाव्यात. जमेल तेवढे जमेल.

त्या शेतकऱ्याने त्या आठवड्यातली फवारणी थांबवली. पुढच्या भेटीला मी गेलो तेव्हा मावा बराच कमी झाला होता. ढालकिड्यांमुळे की मधल्या पावसामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, बहुधा दोन्हींमुळे. पण तो पान उलटे करून, डोळ्यांजवळ धरून बघत होता, हे मी पाहिले. मुलगी शाळेत होती. "तिच्यासाठी खडूची पेटी आणलीय तालुक्याहून," तो म्हणाला. "शाळेत तास कवा हुईल तवा हुईल."

वाचकहो, पेटी त्याने आणली. तास तेवढा आपण मिळवून द्यायचा आहे.